पावतीवरचा ‘तर्फे’ कुठे गेला? वाडीच्या मुंबई मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सरचिटणीस, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या वाडीचे मुंबई मंडळ

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मंडळाचा निरोप आला. लालबागच्या चाळीतली आपली खोली पुनर्विकासात सोडून द्यायची, नवे घर न घेता विकासकाकडून पैसे घ्यायचे आणि त्यातून गावच्या देवळापुढे सभामंडप बांधायचा, असे मासिक सभेला हजर असलेल्या १४ जणांनी एकमताने ठरवले. अध्यक्ष आणि सरचिटणीस लवकरच सह्या करणार आहेत. निरोप चार ओळींचा होता. रक्कम किती आणि ती कोणाच्या खात्यात जमा होणार, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हते.

मी दुसऱ्याच दिवशी फोन केला. मग स्पीड पोस्टाने पत्र पाठवले. “तुम्ही आता सासरच्या, तुमचा यात काय संबंध?” एवढेच उत्तर मिळाले. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. लालबाग, परळ, शिवडी, डिलाइल रोड, वरळीच्या बीडीडी चाळी, जिथे जिथे एखाद्या गावाची किंवा वाडीची खोली आहे, तिथल्या माणसांनीही ते वाचावे. चाळ पाडायची वेळ आली की हाच प्रश्न त्यांच्याही दारात येणार आहे.

माझा संबंध काय, ते आधी सांगते.

माझे वडील १९६४ साली संगमेश्वर तालुक्यातून मुंबईला आले ते थेट या खोलीत. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, बाहेर सामाईक गॅलरी आणि राहणारी माणसे बावीस. पहिल्या पाळीची माणसे उठून गिरणीत गेली की तिसरी पाळी करून आलेली त्यांच्याच जागी आडवी होत. प्रत्येकाला एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. वडिलांची खुंटी दारामागे होती. त्यांचा सदरा वर्षानुवर्षे तिथे घासून भिंतीचा चुना एका पट्ट्यात निघून गेला होता, तो पट्टा मी पाहिलेला आहे. जेवण खानावळीत. खोलीचे भाडे, विजेचे बिल, आजारी माणसाला गावी पोहोचवण्याचा खर्च, सगळे वर्गणीतून.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांत निम्मी खोली रिकामी झाली. वडीलही गावी परतले. कोकणात मनीऑर्डर मुंबईहून येते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पुढची दोन वर्षे आमच्या घरून ती उलटी मुंबईला गेली, खोलीच्या भाड्यातला आमचा वाटा म्हणून. आई कोंबड्या विकायची आणि मनीऑर्डरची पावती तांदळाच्या कणगीला खोचून ठेवायची. आमच्यासारखी आणखी किती घरे असे पैसे पाठवत होती, ते मंडळाच्या वहीत आहे.

ती वही माझ्याकडे आहे. वडील पुढे काही वर्षे मंडळाचे खजिनदार होते. ते गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत सापडली. लाल कापडाची बांधणी, पहिल्या पानावर ‘श्री’ आणि खाली १९५८ सालची नोंद: खोलीच्या पागडीसाठी, म्हणजे खोली भाड्याने मिळावी म्हणून मालकाला द्यायच्या एकरकमी पैशांसाठी, ३७ घरांनी दिलेली रक्कम. कोणी वीस रुपये, कोणी दहा, बरेच जण पाच. एका ओळीत बाईचे नाव नाही, फक्त ‘कै. अमुक यांचे कुटुंब, रु. ३’ असे आहे. नवरा गेलेल्या एका बाईने तीन रुपये दिले आणि वहीत तिला स्वतःचे नावसुद्धा मिळाले नाही. या नोंदींच्या वर एक वाक्य आहे: ‘वाडीच्या माणसास मुंबईत टेकण्यास जागा असावी, म्हणून.’ मंडळाची घटना कोणी लिहिली नाही. माझ्या मते ती हीच.

आता कागदांकडे येते, कारण सगळा गुंता तिथे आहे.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पागडी घेणे हा गुन्हा होता. त्यामुळे मालकाने पैसे हातावर घेतले, पावती दिली नाही. पागडीची देवघेव कायद्याने मान्य झाली ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला तेव्हा, त्याच्या कलम ५६ ने. तोवर अशा कित्येक खोल्यांचा मूळ व्यवहार फक्त माणसांच्या आठवणीत आणि वर्गणीच्या वह्यांत राहिला. शिवाय मंडळाची नोंदणी नव्हती, आजही नाही. नोंदणी नसलेले मंडळ कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र ‘व्यक्ती’ नसते, त्याला स्वतःच्या नावावर स्थावर मालमत्ता धरता येत नाही. भाडेपावती कोणाच्या तरी नावावर करणे भाग होते. वाडीने तेव्हाच्या एका ज्येष्ठ, विश्वासू गृहस्थांचे नाव दिले. जुन्या पावत्यांवर त्यांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिलेले आहे: ‘वाडी मंडळातर्फे’.

पुढे चाळीचा मालक बदलला, पावतीपुस्तक बदलले. नव्या पावतीवर फक्त नाव आले, ‘तर्फे’ गळला. दोन्ही पावत्या वहीच्या मागच्या पानाला टाचलेल्या आहेत. भाडे महिन्याला काही रुपये, भरणारा तोच, खोली तीच. त्या एका शब्दाकडे कोणी पाहिले नाही, आणि आज सगळे त्याच शब्दावर अडले आहे.

भाडेकरू वारला की भाडेहक्क त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो आणि तसे कोणी नसेल तर वारसाकडे, असे १९९९ चा कायदा सांगतो. म्हणजे कागदावर आज ही खोली त्या गृहस्थांच्या नातवाची आहे. पुनर्विकासात पात्र भाडेकरूंची यादी म्हाडाचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, दुरुस्ती मंडळ प्रमाणित करते, त्या यादीतही त्याचेच नाव लागेल. हा मुलगा सज्जन आहे. “ताई, खोली वाडीची आहे, माझी नाही,” असे तो मला स्वतःहून म्हणाला. त्याच्यावर माझा काडीचाही आरोप नाही. पण एका माणसाच्या चांगुलपणावर ३७ घरांची मालमत्ता टांगून ठेवणे हे त्याच्यावरही ओझे आहे. त्याच्या मुलांनी उद्या काय म्हणावे, हे तो आज ठरवू शकत नाही.

माझ्या तक्रारी आता एकेक करून मांडते.

पहिली तक्रार सभेबद्दल. ती नेहमीची मासिक सभा होती. खोलीचा विषय सूचनेत नव्हता, हे मी तीन सदस्यांकडून विचारून घेतले आहे. ३७ घरांचे वारस आज ठाणे, डोंबिवली, नालासोपारा, पुणे आणि गावी पसरलेले आहेत. गावात राहणाऱ्यांना तर कोणी विचारलेच नाही, आणि वर्गणी बहुतेक त्यांच्याच घरातून गेली होती. पालखी कोणत्या घरी किती वेळ थांबणार हे ठरवायला आपल्याकडे सगळी गावकी बसते. मग वाडीची मुंबईतली एकमेव जागा सोडायला १४ माणसे कशी पुरली?

दुसरी तक्रार सह्यांबद्दल. अध्यक्ष आणि सरचिटणीस कोणत्या अधिकाराने सही करणार? मंडळाला घटना नाही. मालमत्ता कोणी, किती मतांनी, कोणाच्या सहीने द्यायची याचा नियम नाही. तुमच्या सहीने कायद्याने काहीही हस्तांतरित होत नाही, कारण कागदावर हक्क तुमच्याकडे नाही. विकासकाला खरी हवी आहे ती नातवाची सही. दुय्यम निबंधकांसमोर दस्त जाईल तेव्हा तिथे दस्त लिहून देणारा कोण, एवढेच पाहिले जाईल. वाडीने काय ठरवले होते हे तिथे कोणी विचारणार नाही. तुमची सही मागितली आहे ती पुढे वाडीतल्या कोणी तोंड उघडू नये म्हणून. एवढे ओळखा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरी पैशांची. रक्कम लेखी सांगितलेली नाही. मंडळाचे बँक खाते नोंदणीअभावी तिघांच्या संयुक्त नावावर आहे. एवढा मोबदला तिघांच्या वैयक्तिक खात्यात आला तर प्राप्तिकर खात्याला उत्तर देतानाही त्यांचीच दमछाक होईल. तुमच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेत नाही. तुम्ही पदरमोड करून मंडळ चालवता, शिमग्याला आणि गणपतीला गाड्यांची सोय करता, हे मला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही या जाळ्यात अडकू नये असे वाटते.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त टोचते, म्हणून थोडी सविस्तर लिहिते. खोलीत आता कोणी राहत नाही, कुलूप असते, मग ठेवून काय करायचे, असे तुम्ही म्हणता. आपल्यासारख्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या चाळीच्या पुनर्विकासात निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. स्वतःची मोरी, स्वतःचा संडास, लिफ्ट. केईएम आणि टाटा ही दोन्ही रुग्णालये तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आपल्या तालुक्यातून कॅन्सरचे पेशंट टाटाला येतात तेव्हा त्यांची माणसे कुठे झोपतात, हे परळला जाऊन रात्री दहा वाजता एकदा बघा. फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून, उशाला रिपोर्टची पिशवी घेऊन झोपलेली असतात. तीन वर्षांपूर्वी आपल्याच वाडीतली एक सून नवऱ्याच्या किमोसाठी आली होती. अठरा दिवस ती तशीच राहिली. आपली खोली तेव्हा बंद होती आणि किल्ली कोणाकडे आहे, हे तिला सांगणारे कोणी नव्हते. कुलूप खोलीला आहे म्हणून गरज संपली असे होत नाही. ‘टेकण्यास जागा’ असे १९५८ साली लिहिणाऱ्यांना गिरणीतला माणूस दिसत होता. आज तिथे पेशंट आहे, त्याची बायको आहे, स्पर्धा परीक्षेला आलेला मुलगा आहे आणि मुलगीसुद्धा आहे.

मुलीचा विषय निघाला म्हणून पाचवी तक्रार. १९८७ साली मी नर्सिंगच्या प्रवेशासाठी मुंबईला आले तेव्हा वडिलांनी खोलीत विचारले. “गावाच्या खोलीत बायकामाणसे राहत नाहीत,” असे सांगण्यात आले. पुरुषांच्या खोलीत ते तेव्हा समजण्यासारखे होते, मी राग धरला नाही. पण तोच नियम सभासदत्वाला का लागला? मंडळात आजवर एकही बाई सभासद नाही. लग्न झालेल्या मुली तर हिशेबातच नाहीत. कोंबड्या विकून पाठवलेली मनीऑर्डर चालली आणि मत चालत नाही, हे मला मान्य नाही.

सभामंडपाबद्दलही स्पष्ट बोलते. देव माझाही आहे, पावसाळ्यात देवळापुढे लोक भिजतात हेही मला दिसते. सभामंडपासाठी वेगळी वर्गणी काढा, पहिली पावती माझ्या नावाने फाडा. एका कामासाठी जमवलेला पैसा दुसऱ्या कामाला वळवायचा तर ज्यांचा पैसा आहे त्यांना आधी विचारावे लागते, एवढेच माझे म्हणणे आहे.

तुमच्यापैकी काहींचे म्हणणे माझ्या कानावर आले आहे: नोंदणी केली की धर्मादाय कार्यालयाच्या खेपा, लेखापरीक्षण, आणि मग खोली विकायची म्हटले तर परवानगी, त्यापेक्षा आहे ते बरे. खेपा होतील, हे खरे आहे. पण त्या कायद्यात काय आहे, ते एकदा नीट पाहू. संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली सात माणसे एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. त्या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे संस्थेची मालमत्ता त्या त्या वेळच्या कार्यकारी मंडळाकडे निहित मानली जाते. माणसे बदलतात, मालमत्ता संस्थेचीच राहते, वारसाचा प्रश्न उरत नाही. आपल्या राज्यात अशी धर्मादाय हेतूची संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही नोंदवावी लागते. त्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची, म्हणजे अशा नोंदवलेल्या संस्थेची, स्थावर मालमत्ता विकणे, अदलाबदल करणे, बक्षीस देणे, किंवा इमारत आणि बिगरशेती जमीन ३ वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे का, हे ते पाहतात. फसवून किंवा खोटी माहिती देऊन परवानगी घेतली असेल तर ती रद्द करण्याचाही अधिकार त्यांना आहे. तुम्हाला यात अडचण दिसते. मला यात ‘कै. अमुक यांचे कुटुंब’ म्हणून तीन रुपये दिलेल्या त्या बाईला पहिल्यांदा मिळणारे संरक्षण दिसते.

माझी भाची कॅलिफोर्नियात असते. तिने तिथला नियम सांगितला तेव्हा मी थक्क झाले. तिथे नोंदणी न केलेल्या संघटनेलाही स्वतःच्या नावावर जमीन-घर घेता येते आणि देता येते. दस्तावर अध्यक्ष आणि सचिवांनी, किंवा संघटनेने ठराव करून नेमलेल्या व्यक्तीने सही करायची. सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, त्यांच्या नावांचे निवेदन जिथे मालमत्ता आहे तिथल्या जमीन-नोंदणी कार्यालयात आधीच नोंदवून ठेवता येते. घेणाऱ्याला समोर कोण आहे ते कळते आणि सभासदांनाही. आपल्याकडे गावोगावच्या मंडळांची अशी स्थिती असताना राज्याच्या विधी व न्याय विभागाने असा एखादा साधा मार्ग का काढू नये, हे मला त्यांनाही विचारायचे आहे. तो निघेपर्यंत आपल्याला नोंदणीचाच रस्ता आहे.

माझ्या मागण्या अशा:

विकासकाच्या कोणत्याही कागदावर, संमतिपत्रावरसुद्धा, मंडळाच्या नावाने कोणी सही करू नये. मासिक सभेतला निर्णय स्थगित केल्याचे ग्रुपवर लेखी कळवावे.

विकासकाने काय देऊ केले आहे, पैसे किती आणि घर घेतले तर किती चौरस फुटांचे, हे कागदासह सर्वांसमोर ठेवावे.

३७ घरांच्या सर्व वारसांना, मुंबईत असोत की गावी, मुलगे असोत की मुली, विषय लिहून किमान तीन आठवडे आधी सूचना द्यावी आणि सर्वसाधारण सभा घ्यावी. गावातल्यांसाठी तशीच सभा वाडीत, चव्हाट्यावर घ्यावी. दोन्हीकडे नावानिशी मत नोंदवावे.

त्या सभेत घटना मंजूर करून मंडळाची नोंदणी करावी. स्थावर मालमत्ता देण्याघेण्याला किती मते लागतील आणि सह्या कोणाच्या, हे घटनेत पहिल्या पानावर लिहावे.

नातवाने खोली आजोबांनी वाडीतर्फे धरली होती, असा कबुलीनामा नोंदवून द्यावा. तो तयार आहे. विश्वस्ताच्या नात्याने दुसऱ्यासाठी धरलेली मालमत्ता बेनामी कायद्यात अपवाद म्हणून वगळलेली आहे, तेव्हा त्याने घाबरू नये. वकिलाची फी मी देईन. पुढे मालकाकडून पावती आणि म्हाडाच्या यादीतली नोंद मंडळाच्या नावावर करून घेण्याचा अर्ज करावा.

एवढे सगळे रीतसर करून वाडीने बहुमताने खोली सोडायचे ठरवले, तर मी विरोधात मत देईन आणि निर्णय मान्य करीन. पण हे काही न करता सह्या झाल्या, तर आम्ही काही घरे मिळून दिवाणी न्यायालयात सर्वांच्या वतीने प्रातिनिधिक दावा लावण्याची परवानगी मागू. त्याची तयारी सुरू केली आहे. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण समोरच्या बाजूला माझ्या वडिलांच्या शेजारी झोपलेल्या माणसांचीच मुले असतील.

वहीच्या सर्व पानांच्या आणि दोन्ही पावत्यांच्या झेरॉक्स काढल्या आहेत. एक संच सरचिटणीसांना, एक नातवाला आणि एक गावी पोलीस पाटलांकडे पाठवते आहे. मूळ वही मी सभेला घेऊन येईन. आपल्या आजोबांच्या नावापुढे किती रुपये आहेत ते ज्याला पाहायचे असेल, त्याने येऊन पाहावे. त्या तीन रुपयांच्या ओळीतल्या बाईचे नाव वाडीत कोणाला आठवत असेल, तर ते मला कळवावे. नोंदणीच्या अर्जासोबत मूळ वर्गणीदारांची यादी जोडू, तेव्हा ते त्यात लिहायचे आहे.

आपली,
वाडीची एक माहेरवाशीण